पेल्याचा काठ

आधी एक चित्र डोळ्यांपुढं आणा. घाई नाही, सावकाश आणा.

एस.टी.ची लाल बस आहे. उन्हाळा नुकता लागलाय, पण खिडकीबाहेरची रानं दिवाळीपासूनच कोरडी पडलेली. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नाही. काळ्या जमिनीला गेलेल्या भेगा इतक्या रुंद, की तुमचा हात मनगटापर्यंत आत जाईल. एकटा पळस तेवढा लालभडक फुललाय… त्याला दुष्काळाचं कुणी कळवलंच नसावं.

आता खिडकीजवळ एक मुलगी बसवा. निळ्या फुलांची साडी, वेणीतून सुटलेली एक बट, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. झोपलेलं बाळ धरावं तसं तिनं ते दोन्ही हातांनी धरलंय.

बसली? तिचं नाव सुवार्ता. उदगीरच्या मिशनच्या शाळेत ती पहिलीच्या मुलांना शिकवायची. उदगीर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आलं होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्या म्हणजे बदल्या. उदगीरच्या चर्चमधली कितीतरी कुटुंबं लातूरला राहायला गेली आणि तिथं भाड्याच्या खोलीत रविवारची उपासना करू लागली. त्यांच्याकडं बाकं होती, पेटी होती. नव्हता तो फक्त प्रभुभोजनाचा पेला. उदगीरला होता तसाच चांदीचा हवा, आणि ईस्टरला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. सुवार्ताचे वडील चर्चची देखभाल करायचे, पण त्यांचे गुडघे बसचा प्रवास मानत नव्हते. म्हणून जुना पेला टॉवेलात गुंडाळून ती मुखेडला निघाली होती. तो जिथं घडला ते दुकान तिथंच होतं म्हणे… पन्नास वर्षांपूर्वी.

बस एका वळणावर आली, पुढं घागरी घेतलेल्या बाया रस्ता ओलांडत होत्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. टॉवेल सुवार्ताच्या हातून निसटला आणि जमिनीवर पडणार, तोच पलीकडच्या बाकावरून दोन हात पुढं आले.

हात एका तिशीतल्या माणसाचे होते. बोटांची टोकं काळवंडलेली, नखं मात्र स्वच्छ. त्यानं गाठोडं झेललं, पण परत दिलं नाही. तो टॉवेलावरून बोटं फिरवत राहिला.

"द्या की," सुवार्ता म्हणाली.

"तीन पायऱ्या," तो म्हणाला.

"काय?"

"बुडाला तीन पायऱ्या हायत. आन् वर सरळ उभ्या रेघा. पादऱ्याचा पेला हाय न्हवं ह्यो?"

"टॉवेल न सोडता कसं कळलं?"

तो जरा लाजला. "लहानपणी आज्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलो… बोटालाच पाठ हाय. आमच्या आज्यानं केलेला हाय, गुरुपादप्पा पत्तार."

"मी त्यांनाच शोधायला निघालेय."

"मग उशीर केलाव. ते जाऊन लई वर्सं झाली."

सुवार्ताचा चेहरा पडला. "आणि त्यांचं दुकान?"

"दुकान हाय की," तो म्हणाला. "आत्ता ते तुमच्यासमोर बसमध्ये बसलंय."

ती हसली. तोही हसला, आणि हसताना खिडकीतून आलेली धूळ त्याच्या घशात गेली. तो खोकत राहिला. सुवार्तानं पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, झाकण फिरवलं आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं तांब्या उंच धरला, मान मागं टाकली आणि वरून धार धरून पाणी प्याला. एक थेंबही सांडला नाही.

"लई उपकार झाले, बाई."

"कसले उपकार," ती म्हणाली. पण तिचं हसू मघाचं राहिलं नव्हतं.

त्याचं नाव शिवप्पा. मुखेडच्या सराफ्यात त्याचं छोटं दुकान, आणि दुकानामागं घर. घरात आई बसम्मा, आणि सहा वर्षांची मुलगी अक्कू. अक्कूची आई ती रांगत असतानाच काविळीनं गेली होती. दुष्काळानं लग्नं पुढं ढकलली जात होती, त्यामुळं हातोडीला काम कमी होतं. दुकानात पोचल्यावर सुवार्तानं पिशवीतून काढून दिलेलं, लातूरच्या कुटुंबांनी जमवलेल्या चांदीचं गाठोडं, त्यात कुणाच्या तोरड्या, कुणाचे लहानपणचे वाळे, कुणाची बिंदली, शिवप्पानं सोडलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली.

"समद्यांचं थोडं थोडं," तो म्हणाला.

"लातूरचे लोक म्हणाले, पेल्यात प्रत्येक घर असावं."

मग त्यानं जुना पेला उजेडात धरला, आणि अक्कूला जवळ बोलावून त्याची गोष्ट सांगितली. सुवार्ताही ऐकत होती, पण ती कान देऊन ऐकते आहे हे तिनं दिसू दिलं नाही.

निजामाच्या राज्यात गुरुपादप्पा चांदी आणायला हैदराबादेला गेले होते. तिथं एक नवं सिनेमाघर उभं राहिलं होतं. गुरुपादप्पांनी सिनेमा काही पाहिला नाही. दिवसभर ते समोरच्या फुटपाथावर उभं राहून भिंत पाहत होते. खालून वर चढत गेलेल्या पायऱ्या, ताठ उभ्या रेघा, माथ्यावर अर्धा सूर्य आणि त्याची रुळानं आखल्यासारखी किरणं. ना वेल, ना मोर, ना पोपट. शिकलेली माणसं त्या घडणीला आर्ट डेको म्हणत. गुरुपादप्पा तिला 'सिनेमाची नक्षी' म्हणायचे. पुढं उदगीरच्या पादरीसाहेबांनी पेला करायला सांगितला, तेव्हा त्यांनी ती भिंतच चांदीत उतरवली. पाय पायऱ्यांचा, दांडा रेघांचा आणि कटोऱ्याभोवती उगवता सूर्य.

"पादरीसायब रागावले न्हाईत?" अक्कूनं विचारलं.

"न्हाई. ते म्हणाले, सूर्य उगवलाय ना? मग चालंल."

पेल्याचं काम पाहायला म्हणून सुवार्ता बाजाराच्या दिवशी मुखेडला येऊ लागली. शाळा सकाळची असायची. दुपारची बस मिळायची. शिवप्पानं चांदी वितळवून तिचा पत्रा केला होता. तो तापवायचा, ऐरणीवर ठोकायचा, पुन्हा तापवायचा. ठोकून ठोकून सपाट पत्र्याला हळूहळू खोली येत होती. आधाराला आत राळ भरली की त्यावर बारीक कलमांनी किरणं उमटवायची. ओसरीवर बसून सुवार्ता ते बघायची, आणि मधल्या वेळात अक्कूला शेगडीच्या राखेत अक्षरं गिरवायला शिकवायची.

"बाई, तुमी इतक्या लांबून येताव," शिवप्पा मान खालीच ठेवून म्हणायचा. "काम इस्वासानं टाकून द्यावं की माणसानं."

"विश्वास आहे. पण तुमचा हात फार हळू चालतो."

"चांदीला घाई चालत न्हाई."

"मागच्या आठवड्यात तुम्ही या किरणाला शेवटचा हात देत होता. आजही हेच किरण?"

तो कलमाच्या टोकाकडं पाहत राहायचा. "ह्यो किरण जरा… अवघड हाय."

"अप्पा रोज ह्योच किरण पुसतेत," अक्कू राखेत गिरवता गिरवताच म्हणाली. सुवार्तानं पदर तोंडाला लावला. शिवप्पाचे कान शेगडीतल्या निखाऱ्यासारखे झाले.

त्या घरात सगळं असं हसरंच होतं असं नाही. बसम्मा सुवार्ताला न चुकता चहा द्यायच्या. चहा गोड असायचा, बोलणंही वाईट नसायचं. पण चहाचा ग्लास निराळा असायचा. तो बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा आणि चहा झाला की सुवार्ता तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायची. दोघींपैकी कुणीही त्याबद्दल कधी बोललं नाही. सुवार्ताचे पणजोबा गावकुसाबाहेर राहायचे. मग घरात नवा धर्म आला, शाळा आली, नोकरी आली. कोनाड्यातला ग्लास मात्र कोनाड्यातच राहिला. सुवार्ता परतीच्या बसमध्ये स्वतःला बजावायची, जिथं आपला ग्लास निराळा, तिथं मन ठेवून यायचं नाही. आणि पुढच्या बाजारापर्यंतचे दिवस मोजायची.

ईस्टर जवळ आला. एका बाजाराच्या दिवशी ती ओसरीवर पोचली तेव्हा पेला तयार होता. रिठ्याच्या पाण्यात घासून उजळलेला, पांढऱ्या फडक्यावर ठेवलेला. शिवप्पा बाजूला उभा होता. अंगात धुतलेला सदरा होता.

सुवार्तानं पेला उचलला. पायऱ्या, रेघा, किरणं, सगळं जिथल्या तिथं. तिनं काठावरून बोट फिरवलं, आणि बोट थांबलं.

काठ पातळ होता. फुलाच्या पाकळीसारखा, बाहेर वळलेला.

"जुन्याचा काठ असा नाही," ती म्हणाली.

शिवप्पाचा चेहरा खुलला. हे तिनं ओळखावं असंच त्याला वाटत होतं. "न्हाईच. आज्याचा काठ लई जाड, गोल. मी बघून राहिलो, त्यांचा हात तिथं थकला असंल. म्हणून मी सुधारून दिलो. आता बगा, धार कशी एकसारखी पडंल."

"धार?"

"पिताना. वरून."

सुवार्तानं पेला फडक्यावर ठेवला. मग वर्गात अवघड धडा सांगताना बोलायची तसं, सावकाश, बोलली.

"आमच्यात हा पेला वरून पीत नाहीत. पाळकसाहेब एकाला देतात, तो ओठ लावतो. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. म्हातारी माणसं असतात, त्यांचे ओठ थरथरतात. हा काठ त्यांना कापेल. आणि बाहेर वळलेल्या काठातून ओठ लावून प्यायला गेलं तर हनुवटीवर सांडतं. तुमच्या आजोबांचा हात थकला नव्हता. त्यांनी पादरीसाहेबांना विचारलं असेल."

शिवप्पा पेल्याकडं बघत राहिला. "म्हंजे समद्यांचं… उष्टं?"

"सगळ्यांचं."

"कुणी कुणाचं बघत न्हाई?"

"तेवढ्यासाठीच तर तो पेला आहे."

शेगडीत एक निखारा तडकला. सुवार्ताला थांबायचं होतं, पण शब्द आधीच ओठांवर आले होते. "बसमध्ये तुम्ही माझ्या तांब्यातलं पाणीही वरूनच प्यालात."

"समदेच तसं पितेत, बाई. माझ्या मनात काय—"

"हो," ती हळूच म्हणाली. "सगळेच पितात."

तिनं चहाचा ग्लास विसळला, कोनाड्यात ठेवला आणि बसकडं निघाली. त्या दिवशी पहिल्यांदाच शिवप्पानं तिला ग्लास विसळताना नीट पाहिलं. दर खेपेला त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. पण त्याची मान किरणावर वाकलेली असायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेल्याचा काठ कापून टाकला. चांदीची जाड तार ओढली, तिचं कडं वळवलं, सांधा धरावा म्हणून सवागी लावली आणि फुंकणीनं डाख देऊन ते काठाला जोडलं. कानशीनं, मग नुसत्या अंगठ्यानं, तो कडं गुळगुळीत करत राहिला. बसम्मा दारातून बघत होत्या.

"केलेलं काम मोडलास कामून?"

"चुकलं होतं, अव्वा."

"कुणी सांगितलं?"

तो कड्यावरून अंगठा फिरवत राहिला. पण आईला मुलाच्या गप्प बसण्यातलंही कळतं.

सुवार्ता पुढच्या खेपेला येणार नव्हती. वडिलांनाच पाठवायचं तिनं ठरवलं होतं. पण वडिलांचे गुडघे आयत्या वेळी पुन्हा रुसले, किंवा ते तसं म्हणाले… आणि ती आली. ओसरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"झालाय?"

"मला सांगता येईना," शिवप्पा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "काठ हाताला बराबर लागतोय. पण ह्यो काठ हातासाठी न्हाई म्हणलाव तुमी. तर… तुमी बगा."

त्यानं माठातून पाणी घेऊन पेला अर्धा भरला. टँकर दोन दिवसांनी आला होता, पाणी मोजूनमापून वापरायचं होतं. सुवार्ता घुटमळली. पण रविवारी पाळकसाहेब प्रार्थना करून वाहतील तोवर पेला हे एक भांडंच होतं. तिनं तो दोन्ही हातांत धरला, ओठ लावले, एक घोट घेतला. काठ गोल होता, थंड होता, आणि कुठंच टोचत नव्हता.

"बरोबर झालाय," ती म्हणाली. "अगदी जुन्यासारखा."

"खरंच, का माझं मन राखायला?"

"मी मुलांनासुद्धा फुकटचे मार्क देत नाही."

तिनं पेला खाली ठेवायला हात पुढं केला. शिवप्पानं तो मधेच घेतला. एकदा तिच्याकडं पाहिलं. मग जिथं तिचे ओठ लागले होते तिथंच ओठ लावून, मान मागं न टाकता, उरलेलं पाणी प्याला.

समोरच्या लिंबाचा मोहोर गळत होता, तेवढाच काय तो आवाज.

"आमच्यात," सुवार्ता म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "पुढच्याला देताना काठ पुसून जरा फिरवून देतात."

"मला म्हाईत न्हवतं."

"आता सांगितलं ना."

"आता पिऊन झालं." तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "बाई, पेला लातूरला गेला की तुमी मुखेडला येणार न्हाईत."

"काम संपलं. कशाला येऊ?"

"म्हणून तर मी संपवत न्हवतो. एक किरण महिनाभर पुसलो." त्यानं पेला फडक्यावर ठेवला. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. "तुमी… ह्याच घरी यावं असं मला वाटतं. कामाला न्हाई. राहायला."

सुवार्ताला 'हो' म्हणायचं होतं. ते तिच्या डोळ्यांत उतरलंही होतं. पण तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली. आतल्या दारात बसम्मा उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"शिवा," त्या म्हणाल्या. "मला विचारून राहिलास का सांगून राहिलास?"

"विचारतो, अव्वा."

"देव कोण सोडणार? ती का तू?"

"कुणीच न्हाई. कचेरीत नोंदवून लगीन होतंय आता."

बसम्मांनी सुवार्ताकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आन् तू, बाई? तुझ्या तोंडात जीभ हाय न्हवं?"

"आहे," सुवार्ता म्हणाली. "मला यायचंय. पण मला कोनाड्यात ठेवणार असाल, तर नाही येणार."

बसम्मांच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. ओसरीच्या कडेला त्या खाली बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून. रागावल्या होत्या का विचारात पडल्या होत्या, कळायला मार्ग नव्हता. साठ वर्षांची सवय होती ती. आईनं लावलेली, सासूनं पक्की केलेली. ती एका दुपारी कशी उतरावी? शिवप्पा उभा होता. सुवार्ता उभी होती.

राखेत 'घ' गिरवणारी अक्कू उठली. मोठी माणसं एका भांड्यावरून अशी गप्प का झालीत, हे तिला समजत नव्हतं. तिच्या लेखी गोष्ट साधी होती. पेला नवा होता, दोघांनी पिऊन बघितला होता, आणि अज्जीला अजून कुणी दिलाच नव्हता. तिनं फडक्यावरून पेला उचलला. माठातून पाणी घेतलं, थोडंच, आणि स्वतः एक घोट प्याली. मग दोन्ही हातांत धरून, पायांकडं बघत, एक थेंबही न सांडता ती ओसरीच्या कडेपर्यंत चालत गेली.

"अज्जी, आता तू पी."

बसम्मांनी नातीकडं पाहिलं. नातीच्या हातचं पाणी त्यांनी कधी नाकारलं नव्हतं. त्यांनी पेला घेतला, आणि जन्मभर केलं तेच केलं. तो उंच धरला, मान मागं टाकली आणि वरून ओतला. पण हा काठ धार धरणारा नव्हताच. पाणी पसरून हनुवटीवर आलं, गळ्यावरून ओघळलं, चोळी भिजली.

शिवप्पानं ओठ दाबून धरले. सुवार्तानं पटकन पदर तोंडाला लावला. बसम्मा थबकल्या, आणि त्यांचे खांदे हलले… हसण्यानं का उसासा टाकल्यानं, ते कळलं नाही.

"असं न्हाई गं अज्जी," अक्कू म्हणाली. "ह्याला तोंड लावावं लागतंय."

पेल्यात अजून एक घोट शिल्लक होता. अक्कूनं तो अज्जीच्या हातांसकट आपल्या इवल्या हातांत धरला, काठ अज्जीच्या ओठांना लावला, आणि अज्जी पिईपर्यंत खाली घेतला नाही.